जीनगराचा मुलगा : रॉबर्ट ओवेन

सहकार हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गावात सोसायटी असते, तालुक्याला खरेदी-विक्री संघ असतो, जिल्ह्याला मध्यवर्ती बँक असते. साखर कारखाना आणि दूध संघ यांची नावे तर शाळकरी पोरांच्याही तोंडी असतात. परंतु ज्याला सहकाराचा जनक म्हणतात त्या माणसाविषयी विचारले, तर आपल्यापैकी फार थोड्यांना चार वाक्ये सांगता येतील. मलाही ती सांगता आली नसती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याच्यावर एकच ओळ होती. त्या एका ओळीने समाधान झाले नाही म्हणून ग्रंथालयात जाऊन थोडे वाचले, आणि जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

रॉबर्ट ओवेनचा जन्म १४ मे १७७१ रोजी वेल्समधील न्यूटाऊन या गावी झाला. सेव्हर्न नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत वसलेले हे गाव त्या वेळी जेमतेम हजार वस्तीचे होते. याच गावात पुढे एकोणिसाव्या शतकात प्राइस प्राइस-जोन्स नावाच्या व्यापाऱ्याने टपालाने घरपोच माल पाठवण्याचा धंदा नावारूपाला आणला. परंतु गावाचे नाव जगात गेले ते ओवेनमुळेच. त्याचे वडील घोड्यांची खोगिरे तयार करीत, लोखंडी सामान विकत आणि गावचे टपालही सांभाळीत. खोगिराच्या या धंद्याला आपल्याकडे जीनगरी म्हणतात. आई शेतकऱ्याची मुलगी. सात भावंडांत रॉबर्टचा क्रमांक सहावा.

पोर शाळेत हुशार निघाले. सातव्या वर्षी लिहिणे, वाचणे आणि हिशेब इतका चांगला येऊ लागला, की मास्तरांनी त्याला खालच्या मुलांना शिकवण्याच्या कामी मदतनीस म्हणून घेतले. गावातील धर्मगुरू, डॉक्टर आणि वकील यांच्या घरची पुस्तके त्याला वाचावयास मिळत. याच वयातील एक प्रसंग त्याने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. शाळेत सर्वांच्या आधी पोहोचावे म्हणून एके सकाळी त्याने घाईघाईने उकळती पेज घशाखाली घातली आणि तो बेशुद्ध पडला. जीव वाचला, परंतु पोट जन्माचे नाजूक झाले. काय खाल्ले म्हणजे काय होते, याकडे त्याला बारकाईने लक्ष ठेवावे लागले, आणि निरीक्षणाची सवय आपल्याला तेव्हापासून लागली असे तो पुढे मानीत असे.

दहाव्या वर्षी त्याचे शिक्षण संपले. चाळीस शिलिंग खिशात घालून तो घोडागाडीने लंडनला थोरल्या भावाकडे गेला. तेथून त्याला स्टॅमफर्ड गावी मॅकगफॉग नावाच्या कापडदुकानदाराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. अट अशी होती, की पहिल्या वर्षी नुसते जेवणखाण, दुसऱ्या वर्षी आठ पौंड, तिसऱ्या वर्षी दहा पौंड. मालक माणूस म्हणून चांगला होता. त्याच्या घरी पुस्तके होती आणि मुलाला वाचू दिले जात होते. जवळच्या बर्ली उद्यानात झाडाखाली बसून हा मुलगा पहाटे वाचन करी. कोणतीही पदवी त्याला मिळाली नाही. त्याचे कॉलेज म्हणावे तर ते उद्यान आणि ते कापडाचे दुकान.

त्यानंतर लंडन ब्रिजजवळच्या एका मोठ्या दुकानात त्याने नोकरी केली. तेथे रात्री उशिरापर्यंत माल आवरीत उभे राहावे लागे. तेथून तो मँचेस्टरला आला. मँचेस्टर त्या वेळी कापसाने वेडे झाले होते. नवी यंत्रे निघत होती, रोज नवी गिरणी उभी राहत होती. अठराव्या वर्षी भावाकडून शंभर पौंड उसने घेऊन त्याने एका भागीदाराबरोबर सूत कातण्याची यंत्रे बनवण्याचा कारखाना काढला. भागीदारी टिकली नाही. वाट्याला आलेल्या तीन यंत्रांवर तीन माणसे घेऊन तो स्वतःच सूत काढू लागला आणि आठवड्याला सहा पौंड मिळवू लागला.

इतक्यात ड्रिंकवॉटर नावाच्या गिरणीमालकाला व्यवस्थापक हवा असल्याची जाहिरात आली. विशीतला हा पोरगेलासा तरुण तेथे गेला आणि त्याने वर्षाला तीनशे पौंड पगार मागितला. मालक चकित झाला. परंतु आपण आजच तेवढे मिळवतो हे ओवेनने हिशेबाची वही दाखवून सिद्ध केले आणि नोकरी मिळवली. पाचशे कामगारांची गिरणी एकाएकी त्याच्या हाती आली. एवढ्या मोठ्या गिरणीचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. त्याने काय करावे? सहा आठवडे तो सर्वांच्या आधी येई, सर्वांच्या मागून जाई, प्रत्येक खात्यात उभा राहून पाही, आणि कोणी विचारले तर हो किंवा नाही एवढेच उत्तर देई. एकही हुकूम त्याने सोडला नाही. सहा आठवड्यांनी गिरणीची नाडी त्याला सापडली होती, आणि मग त्याने जे बदल केले त्यांनी त्या गिरणीचे सूत बाजारात नावाजले जाऊ लागले.

पुढे स्कॉटलंडमध्ये धंद्यानिमित्त ये-जा करताना त्याची कॅरोलाइन डेल या तरुणीशी ओळख झाली. तिचे वडील डेव्हिड डेल हे ग्लासगोचे मोठे व्यापारी. क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ न्यू लॅनार्क येथे त्यांच्या कापसाच्या गिरण्या होत्या. १७९९ मध्ये ओवेनने भागीदारांच्या साहाय्याने त्या गिरण्या साठ हजार पौंडांना विकत घेतल्या आणि त्याच वर्षी कॅरोलाइनशी त्याचा विवाह झाला. १ जानेवारी १८०० रोजी त्याने न्यू लॅनार्कचा कारभार हाती घेतला. येथून त्याच्या आयुष्याचा खरा अध्याय सुरू होतो.

त्या काळच्या गिरण्यांची कल्पना आज करणे कठीण आहे. सहा-सात वर्षांची मुले दिवसाला तेरा-चौदा तास यंत्रापाशी उभी असत. न्यू लॅनार्कमध्येही एडिंबरो व ग्लासगो येथील अनाथालयांतून आणलेली चार-पाचशे मुले कामाला होती. डेल हा दयाळू मालक होता, त्याने मुलांच्या अन्नवस्त्राची आणि रात्रीच्या शाळेची सोय केली होती. परंतु दिवसभर राबलेले पोर रात्री काय शिकणार? ओवेनने अनाथ मुले आणणे बंद केले. दहा वर्षांखालील मुलांना गिरणीत घेऊ नये असे ठरवले. घरे वाढवली, रस्ते साफ करवले. गावातील दुकानदार कामगारांना उधारीवर भिकार माल चढ्या भावाने विकीत. त्याने गिरणीचे दुकान काढून चांगला माल जवळजवळ खरेदीच्या भावात द्यावयास सुरुवात केली. जो थोडा नफा उरे तो शाळेकडे जाई. आजारपणासाठी प्रत्येकाच्या पगारातून साठावा हिस्सा बाजूला ठेवण्याची पद्धत होती. कामाचे तास हळूहळू कमी करीत १८१६ मध्ये त्याने ते पावणेअकरावर आणले.

कामगारांचा मात्र त्याच्यावर विश्वास नव्हता. हा परका वेल्श माणूस, याची बोलीही वेगळी, आणि मालक कधी कोणाचा झाला आहे काय? तो विश्वास एका संकटाने मिळवून दिला. अमेरिकेने व्यापार रोखला आणि कापूस मिळेनासा झाला. बाकीच्या गिरणीवाल्यांनी माणसे काढली. ओवेनने चार महिने यंत्रे बंद ठेवली, कामगारांना ती पुसून-तेल घालून ठेवण्याचे काम दिले, आणि कोणाचाही एक पेनी न कापता पूर्ण पगार वाटला. त्यासाठी सात हजारांहून अधिक पौंड खर्च झाले. त्यानंतर न्यू लॅनार्कमध्ये त्याच्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही.

भागीदारांना मात्र हा खर्च खुपत होता. १८१३ मध्ये गिरण्यांचा लिलाव निघाला. जुन्या भागीदारांचा बेत ओवेनला दूर सारून त्या स्वस्तात पदरात पाडून घेण्याचा होता. ओवेनने गुपचूप नवे भागीदार मिळवले होते. त्यांत तत्त्ववेत्ता जेरेमी बेंथॅम आणि क्वेकर पंथाचा विल्यम ॲलन हे होते. पाच टक्क्यांवर नफा घ्यावयाचा नाही, उरलेला शाळा व गाव यांच्यासाठी वापरावयाचा, असे त्यांचे ठरले होते. लिलाव १,१४,१०० पौंडांवर थांबला आणि गिरण्या ओवेनकडे राहिल्या. तो परतला तेव्हा लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढीत गावात नेली.

१ जानेवारी १८१६ रोजी त्याने न्यू लॅनार्कमध्ये चारित्र्य घडवणारी संस्था म्हणून एक मोठी शाळा उघडली. मूल चालू लागले की ते शाळेत येऊ शके. ब्रिटनमधील अगदी पहिल्या बालशाळांत तिची गणना होते. तिचा पहिला शिक्षक होता एक साधा विणकर, जेम्स ब्युकॅनन. त्याच्या जोडीला होती गिरणीत काम करणारी सतरा वर्षांची मुलगी, मॉली यंग. विद्वान शिक्षक मुद्दाम घेतले नाहीत, कारण मुलांवर माया करणारी माणसे हवी होती. या शाळेत छडी नव्हती, शिव्या नव्हत्या, बक्षिसेही नव्हती. भिंतींवर प्राण्यांची चित्रे व नकाशे होते, गाणे होते, नाच होता. ही शाळा पाहण्यासाठी युरोपभरातून माणसे येत. पुढे रशियाचा झार झालेला राजपुत्र निकोलसही येऊन गेला.

ओवेनच्या साऱ्या कामामागे एकच विचार होता. माणसाचा स्वभाव तो स्वतः घडवीत नाही, त्याची परिस्थिती तो घडवते. चोर, दारुडा, आळशी अशी माणसे जन्मत नाहीत. वाईट परिस्थितीत वाढवल्यावर त्यांना शिक्षा करणे हा अन्याय आहे. परिस्थिती बदला, माणूस बदलेल. हा विचार त्याने १८१३ पासून लिहिलेल्या निबंधांत मांडला.

हा विचार वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या वडिलांचे शिक्षण चौथीत सुटले, ते त्यांना बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. दोन शतकांपूर्वीच्या एका गिरणीमालकाने ही गोष्ट जगाला ओरडून सांगितली, याचा मला आनंद झाला. परंतु त्याच वेळी एक प्रश्नही पडला. सारे परिस्थितीच घडवीत असेल, तर दहा वर्षांच्या त्या जीनगराच्या पोराने पहाटे उठून झाडाखाली केलेले वाचन कोणाचे? ओवेनच्या विचाराला सर्वांत मोठा अपवाद कोणी असेल तर तो खुद्द ओवेन होय. की तेथेही मॅकगफॉगच्या घरची पुस्तके होती म्हणूनच ते घडले? या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

न्यू लॅनार्कवर टीका करावयास जागा आहे, आणि ती केली पाहिजे. तेथे सारे काही कामगारांसाठी होते, परंतु कामगारांना विचारून काहीच नव्हते. प्रत्येक कामगाराच्या जागी एक लहानसा चौकोनी लाकडी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग होते : काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचे, पिवळा म्हणजे चांगले, पांढरा म्हणजे उत्कृष्ट. आदल्या दिवसाच्या कामाप्रमाणे त्यातला एक रंग समोर येई. ओवेन काही न बोलता नुसता पाहत पुढे जाई. मारहाणीपेक्षा हे नक्कीच बरे. परंतु साऱ्यांसमोर काळा ठोकळा घेऊन उभे राहणाऱ्याला काय वाटत असेल? शिवाय गिरणीत येणारा अमेरिकेतील कापूस गुलामांच्या घामातून पिकलेला होता. ज्याने स्कॉटलंडच्या मुलांना यंत्रापासून दूर नेले, त्याची गिरणी समुद्रापलीकडच्या मुलांच्या कष्टावर चालत होती. थोर माणसाचे चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवू नये असे मला वाटते.

आपल्या एका गावात जे झाले ते देशभर व्हावे म्हणून ओवेनने १८१५ पासून मुलांच्या कामाचे तास कायद्याने कमी करण्याची खटपट केली. सर रॉबर्ट पील, जे स्वतः गिरणीमालक होते, त्यांनी ते विधेयक पार्लमेंटात नेले. १८१९ मध्ये कायदा झाला, पण गिरणीवाल्यांनी त्याचे दात काढून घेतले होते. नऊ वर्षांखालील मुलांना बंदी आणि सोळा वर्षांखालील मुलांना बारा तास, तेही फक्त कापसाच्या गिरण्यांत. तपासायला पगारी निरीक्षकही नव्हते. तरीही हे पहिले पाऊल होते. आपल्याकडे हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये आला आणि त्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत बंदी केली. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे झगडले, आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुटी मिळाली. ही सारी एकाच लांब रस्त्यावरची पावले आहेत.

१८१७ मध्ये लंडनच्या एका जाहीर सभेत ओवेनने सर्व धर्मांवर कडक टीका केली. तोपर्यंत सरदार-दरकदार त्याच्या मागे होते. ते एकेक करून दूर झाले. त्याला याची कल्पना होती, तरी तो बोलला. नंतर त्याने ठरवले, की जुन्या जगात जे जमत नाही ते नव्या जगात करावे. १८२५ मध्ये त्याने अमेरिकेतील इंडियाना राज्यात एक वसलेले गावच विकत घेतले आणि त्याचे नाव न्यू हार्मनी ठेवले. तेथे सर्वांनी मिळून काम करावयाचे, सर्वांचे सर्व सारखे. शेकडो माणसे आली. त्यांत विद्वान होते, ध्येयवादी होते आणि नुसते आयते खाणारेही होते. नांगर धरणारे थोडे आणि भाषण करणारे फार, अशी अवस्था झाली. स्वतः ओवेन सुरुवातीला तेथे फारसा राहिलाच नाही. १८२७ पर्यंत सारे मोडले आणि त्याची बहुतेक संपत्ती त्यात बुडाली.

घरची किंमतही लहान नव्हती. कॅरोलाइन धर्मनिष्ठ होती, नवऱ्याची मते तिला सोसवत नसतील. तो जग सुधारत फिरत होता तेव्हा ती मुलींना घेऊन स्कॉटलंडमध्ये राहिली आणि १८३१ मध्ये तेथेच वारली. मुलगे अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांतला रॉबर्ट डेल ओवेन तेथील लोकसभेचा सदस्य झाला, डेव्हिड भूगर्भशास्त्रज्ञ झाला, रिचर्ड पर्ड्यू विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला.

ओवेन इंग्लंडला परतला तो मालक म्हणून नव्हे. आता तो कामगारांचा पुढारी होता. १८३२ मध्ये त्याने लंडनला एक श्रम-बाजार काढला. तेथे वस्तूची किंमत ती करण्यास लागलेल्या तासांत मोजली जाई आणि पैशाऐवजी तासांच्या नोटा मिळत. तो १८३४ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी साऱ्या धंद्यांच्या कामगारांची एक महासंघटना उभी राहिली. टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची शपथ घेतल्याबद्दल ऑस्ट्रेलियात हद्दपारीची शिक्षा झाली, तेव्हा निघालेल्या प्रचंड मोर्चाबरोबर ओवेन चालला. काही महिन्यांत ती संघटनाही कोसळली. पुढे हँपशायरमधील आणखी एक वसाहत १८४५ मध्ये बुडाली. मार्क्स आणि एंगेल्स यांनी त्याला स्वप्नाळू समाजवाद्यांत बसवले ते अगदीच विनाकारण नव्हे.

आणि तरीही २१ डिसेंबर १८४४ रोजी रॉचडेल गावी टोड लेन नावाच्या गल्लीत अठ्ठावीस जणांनी एक लहानसे दुकान उघडले. भांडवल होते अठ्ठावीस पौंड. माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. त्यांतील कित्येक ओवेनचे अनुयायी होते. त्यांनी गुरूच्या चुका पाहून नियम केले : भेसळ नाही, उधारी नाही, प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. गंमत अशी, की नुसती दुकाने काढण्याविषयी ओवेनला फारसा उत्साह नव्हता. त्याला सारे जग एकदम बदलावयाचे होते. टिकले मात्र ते दुकान. त्याने जे फुकट वाटले ते बुडाले, आणि लोकांनी एकेक पौंड घालून जे स्वतः उभे केले ते जगभर पसरले. आपल्याकडे १९०४ मध्ये सहकाराचा पहिला कायदा झाला, आणि १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण एक सभासद एक मत हा नियम तोच होता. सोसायटीच्या निवडणुकीत तो नियम आपण कसा वापरतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ऑक्टोबर १८५८ मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचा ओवेन लिव्हरपूलच्या एका परिषदेत भाषणाला उभा राहिला आणि बोलता बोलता कोसळला. त्याला उचलून बिछान्यावर नेण्यात आले. थोडे बरे वाटताच त्याने एकच इच्छा धरली, की आपल्याला न्यूटाऊनला न्यावे. दहाव्या वर्षी सोडलेले ते गाव. तेथे जन्मघराजवळच्याच एका खाणावळीत १७ नोव्हेंबर १८५८ रोजी त्याने डोळे मिटले. मुलगा रॉबर्ट डेल जवळ होता. पडक्या सेंट मेरी चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या सान्निध्यात त्याला पुरण्यात आले. १९०२ मध्ये सहकारी चळवळीने त्या कबरीभोवती कठडा उभारला. न्यूटाऊनमध्ये त्याचा पुतळा आहे, आणि न्यू लॅनार्कचे गाव २००१ पासून जागतिक वारसा म्हणून जपले जात आहे.

ओवेनचे आयुष्य यशस्वी की अयशस्वी? त्याच्या हयातीत त्याने काढलेल्या बहुतेक संस्था बुडाल्या. परंतु लहान मुलाने गिरणीत नव्हे तर शाळेत असावे, कामगाराच्या दिवसाला मर्यादा असावी आणि गरिबांनी एकत्र येऊन आपला धंदा आपण चालवावा, या तीन गोष्टी आज आपल्याला इतक्या साध्या वाटतात की त्यांच्यासाठी कोणी आयुष्य वेचले असेल हेही सुचत नाही. गाव सोडून शिकायला आलेल्या आपल्यासारख्यांनी त्याच्याकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. तो मोठा झाला आणि मोठ्यांत मिसळला, परंतु मशीनपाशी उभ्या असलेल्या पोरात त्याला शेवटपर्यंत आपले लहानपण दिसत राहिले. दहाव्या वर्षी गाव सोडलेला माणूस सत्त्याऐंशीव्या वर्षी तेथेच परतला, याचा अर्थ त्याने ते मनातून कधी सोडलेच नव्हते.

(द्वितीय वर्ष, कला)